घरची पिरोश्की : तळावी कशी, द्यावी कोणाला



अलीकडे दवाखान्यात एक प्रश्न वरचेवर विचारला जातो. पंचवीस वर्षांपूर्वी तो मला कोणी विचारला नसता. घरातील नातू किंवा नात वैद्यकीय शिक्षणासाठी रशियात असते. सुटीत घरी आल्यावर ती एखाद्या दुपारी स्वयंपाकघराचा ताबा घेते आणि सर्वांसाठी तिकडची ‘पिरोश्की’ करते. खमिराच्या मऊ पिठात बटाट्याचे सारण भरायचे, आणि तळायचे. वास दरवळतो, आजी-आजोबा उठून बसतात, आणि नेमके त्याच क्षणी मुलाच्या किंवा सुनेच्या मनात धस्स होते. मैदा, बटाटा आणि तळण, तिन्ही एकाच घासात! मग मला विचारणा होते : द्यावी की न द्यावी?

बहुतेक ज्येष्ठांना ती द्यावी, असे माझे मत आहे. मात्र ती घरी केलेली असावी, ताज्या तेलात तळलेली असावी, एक किंवा फार तर दोन असाव्यात, आणि वेळ दुपारची असावी. काही जणांना मात्र ती देऊ नये, किंवा निराळ्या रूपात द्यावी. ते कोण, हे पुढे सविस्तर सांगतो. त्याआधी पदार्थाची थोडी ओळख करून घेऊ.

रशियन भाषेत ‘पिरोग’ म्हणजे सारण भरलेला मोठा पदार्थ, जो कापून वाटून खायचा. त्याचे हातात मावणारे लहान रूप म्हणजे ‘पिरोझोक’, आणि त्याचे अनेकवचन ‘पिरोश्की’. आपण मात्र कचोरीच्या चालीवर एक पिरोश्की, दोन पिरोश्क्या असे म्हणू. व्याकरणकारांनी क्षमा करावी. रशियात आणि युक्रेनमध्ये ती भट्टीतही भाजतात आणि तेलातही तळतात. आत कोबी, कांद्याची पात व अंडे, अळिंबी, मांस, सफरचंद, यांपैकी काहीही असू शकते. परंतु सर्वांत घरगुती, सर्वांत स्वस्त, आणि रेल्वेच्या फलाटांवर वृद्ध स्त्रिया टोपलीत कापडाखाली झाकून विकायला आणत ती बटाट्याची.

बटाटा तिथेही आपल्यासारखाच परका. कॅथरीन दुसरीच्या राजवटीत, १७६५ मध्ये, सरकारने त्याच्या लागवडीला उत्तेजन देण्यास आरंभ केला. पण शेतकऱ्यांनी तो सहजी स्वीकारला नाही. १८४० च्या दशकात सक्तीच्या लागवडीविरुद्ध दंगेदेखील झाले. पुढे त्याच लोकांनी बटाट्याला ‘दुसरी भाकरी’ म्हटले. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेच्या दीर्घ उपवासांत मांस, दूध, लोणी, अंडी वर्ज्य असतात. तेव्हा पीठ नुसत्या पाण्यात भिजवायचे, सारण बटाट्याचे करायचे आणि तळण सूर्यफुलाच्या तेलात काढायचे, अशी तिकडची रीत. म्हणजे बटाटा त्यांनाही उपवासाला चालतो. कांदाही चालतो, एवढाच आपल्याशी मतभेद! आणखी एक नाते सांगतो. या सारणात जी हिरवी पाने बारीक चिरून घालतात, ती म्हणजे आपला शेपू. आपण त्याची मुगाची डाळ घालून भाजी करतो. ते उकडलेल्या बटाट्यावर तो कोथिंबिरीसारखा पेरतात.

सोव्हिएत संघात १९३९ मध्ये एक जाडजूड सरकारी पाकग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचे नाव मराठीत सांगायचे तर ‘चविष्ट आणि आरोग्यदायी अन्नाचे पुस्तक’. त्या नावातील विशेषणांचा क्रम मला नेहमी विचार करायला लावतो. आधी चविष्ट, मग आरोग्यदायी. आपल्याकडे ज्येष्ठांच्या ताटातून चव आधी जाते, आणि आरोग्य तिच्यामागोमाग जाते. हे केवळ शब्दांचे चातुर्य नव्हे. एक अनुभव सांगतो.

ऐंशीच्या घरातील एक गृहस्थ माझ्याकडे नियमित येतात. मधुमेह आहे, रक्तदाब आहे. दोन्ही गोळ्यांनी आटोक्यात. एकदा वजन केले तर आठ महिन्यांत ते ५८ किलोवरून ५२ वर आलेले. आवश्यक त्या सर्व तपासण्या केल्या. नवा आजार काही निघाला नाही. मग मी मुलाला त्यांचा दिवसभराचा आहार लिहून आणावयास सांगितला. भात बंद, बटाटा बंद, केळे बंद, तूप बंद, तळण बंद, मीठ जवळजवळ बंद. उरले होते ते दोन कोरडे फुलके, दुधी आणि पातळ ताक. मुलगा अत्यंत काळजी घेणारा, आणि याच काळजीने वडील वाळत चालले होते. त्यांचे जेवण हळूहळू वाढवले, आठवड्यातून एकदा त्यांच्या आवडीचा पदार्थ ठरवून दिला, डाळ-दही-अंड्याचे प्रमाण वाढवले. चार महिन्यांत तीन किलो परत आले. रक्तातील साखर किंचित वाढली, ती गोळीने सांभाळता आली.

वाचकहो, सत्तरीनंतर भूक आणि तहान दोन्ही मंदावतात, जिभेची आणि नाकाची संवेदना बोथट होते, स्नायू झिजतात. या वयात सहा ते बारा महिन्यांत मनात नसताना वजन पाच टक्क्यांहून अधिक घटले, तर ती डॉक्टरांना दाखवण्याजोगी गोष्ट आहे. म्हणून पिरोश्कीचा प्रश्न आला की मी प्रथम हे विचारतो : आजोबांचे वजन वाढते आहे, स्थिर आहे की उतरते आहे? ज्यांचे वजन अधिक आहे आणि साखर अनियंत्रित आहे, त्यांच्यासाठी उत्तर निराळे. जे वाळत चालले आहेत, त्यांच्यासाठी निराळे.

आता कृती. पुढील प्रमाणात अठरा पिरोश्क्या होतात.

मैदा ५०० ग्रॅम, कोमट दूध व पाणी मिळून ३०० मिलिलीटर, इन्स्टंट कोरडे यीस्ट ७ ग्रॅम, साखर एक मोठा चमचा, मीठ एक लहान चमचा, तेल तीन मोठे चमचे. मैद्यातील चौथा हिस्सा कणीक घेतली तरी चालते. पाणी किंचित अधिक लागते आणि आवरण थोडे जड होते. त्याहून अधिक कणीक घालण्याचा आग्रह मी धरत नाही. ज्याला पोळी खायची आहे त्याने पोळी खावी.

यीस्ट हा सजीव बुरशीचा प्रकार आहे. तो साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड वायू सोडतो आणि त्याने पीठ फुगते. दूध-पाणी मनगटाच्या आतल्या बाजूस जेमतेम कोमट लागावे. हाताला चटका बसणाऱ्या पाण्यात यीस्ट मरतो आणि पीठ दगडासारखे बसून राहते. ‘यीस्ट पोटात जाऊन बुरशीचा आजार करील का?’ असे अनेक जण विचारतात. तसे होत नाही. तळताना वा भाजताना तो मरून जातो.

सर्व जिन्नस एकत्र करून पीठ सैलसर भिजवावे आणि लगेच मळावयास न घेता वीस मिनिटे झाकून ठेवावे. सांधेदुखी असलेल्यांसाठी ही युक्ती मोलाची आहे. त्या वीस मिनिटांत पिठातील चिकटपणा आपोआप जुळून येतो आणि निम्मे कष्ट वाचतात. मग पाच-सात मिनिटे मळावे. पीठ हाताला किंचित चिकटले तरी वरून मैदा घालत बसू नये. हाताला तेल लावावे. भांडे झाकून ठेवावे. नागपूरच्या मे महिन्यात पाऊण तासात पीठ दुप्पट होईल, महाबळेश्वरच्या जानेवारीत दोन तासही लागतील. घड्याळ न पाहता पीठ पाहावे.

सारणासाठी ७०० ग्रॅम बटाटे उकडून कुस्करावेत. हिरवट झालेले वा कोंब फुटलेले बटाटे घेऊ नयेत. त्यांतील सोलॅनिन हे द्रव्य उकडल्याने वा तळल्यानेही पुरते नष्ट होत नाही. दोन मोठे कांदे बारीक चिरून दोन-तीन चमचे तेलात मंद आचेवर सोनेरी होईपर्यंत परतावेत. घाई करू नये, या सारणाची निम्मी चव कांद्यातच असते. मीठ एक लहान चमचा, भरडलेली मिरी, मूठभर चिरलेला शेपू. हळद, आले, हिरवी मिरची घातली की तो बटाटेवड्याचा सारण झाला. तोही उत्तम, पण ज्यांना आम्लपित्त आहे अशा ज्येष्ठांना रशियन सारणाचा सौम्यपणा अधिक मानवतो.

सारण पूर्ण थंड आणि कोरडे असले पाहिजे. गरम सारणाची वाफ आतून पीठ ओले करते, शिवण उसवते आणि सारण तेलात जाते.

फुगलेल्या पिठाचे अठरा गोळे करावेत. प्रत्येक गोळा लाटण्याऐवजी तेलाच्या हाताने थापून तळव्याएवढी पारी करावी, मध्ये लिंबाहून थोडे मोठे सारण ठेवावे आणि कडा जुळवून घट्ट चिमटावी. ही क्रिया करंजीच्या मुरडीची सख्खी बहीण आहे. शिवण खाली करून प्रत्येक पिरोश्की किंचित चपटी करावी आणि पंधरा-वीस मिनिटे कापडाखाली विसावू द्यावी.

येथे काळजीवाहकांना माझी एक विनंती आहे. चिमटण्याचे काम आजींना द्या. ज्यांना विस्मरणाचा आजार जडला आहे, त्यांना सकाळी काय खाल्ले ते आठवत नाही. पण चाळीस दिवाळ्या करंज्या मुरडलेली बोटे पारी हातात येताच चालू लागतात. हाताने शिकलेल्या कौशल्याची स्मृती मेंदूत निराळ्या ठिकाणी असते आणि ती बऱ्याच उशिरापर्यंत टिकते. मुरड वाकडी आली तर ती पुन्हा नीट करण्यासाठी त्यांच्या समोरून पिरोश्की उचलू नये. कुस्करणे, कांदा सोलणे, गोळे मोजणे हीही त्यांची कामे. बसूनच करावीत, टेबलावर.

कढईजवळ मात्र त्यांनी उभे राहू नये. हात थरथरणारे, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणारे, अलीकडे झोपेची वा रक्तदाबाची नवी गोळी सुरू झालेले ज्येष्ठ उकळत्या तेलापासून दूरच बरे. तळणाऱ्याने पदर, ओढणी खोचून घ्यावी. तेलाने पेट घेतला तर त्यावर पाणी ओतू नये. गॅस बंद करून कढईवर मोठे झाकण सरकवावे. भाजलेच तर भाजलेला भाग वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई यांपैकी काहीही लावू नये. माझ्याकडे येणाऱ्या भाजलेल्या रुग्णांपैकी अनेकांची पहिली पंधरा मिनिटे टूथपेस्ट शोधण्यात गेलेली असतात.

तळण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण खरा फरक येथेच पडतो. तेल १७० ते १८० अंश सेल्सिअस तापले पाहिजे. मापक नसेल तर पिठाचा कण टाकून पाहावा. तो तळाशी जाऊन लगेच बुडबुड्यांसह वर आला की तेल तयार. तेल थंड असेल तर आवरण घट्ट होण्याआधीच पीठ ते शोषून घेते. तेलातून धूर निघत असेल तर आवरण काळवंडते आणि आत पीठ कच्चे राहते. एका वेळी तीन-चारच सोडाव्यात, शिवणीची बाजू आधी खाली. दोन्ही बाजूंनी दोन ते तीन मिनिटे. रंग सोनेरी हवा, तपकिरी नको. तिकडे घरी पसरट तव्यात पिरोश्कीच्या अर्ध्या उंचीइतकेच तेल घालून तळतात. आपणही तसेच करावे, म्हणजे तळणीनंतर तेल उरतेच थोडे. भरली कढई उरली की ती टाकवत नाही, आणि पुढच्या चार आठवड्यांचे तळण त्याच तेलात होते.

मला तळणापेक्षा अधिक भीती वाटते ती याच जुन्या तेलाची. वारंवार तापवलेल्या तेलात विघटनातून घातक द्रव्ये साठत जातात. आपल्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने उपाहारगृहांच्या तळणीच्या तेलातील अशा ‘पोलर’ संयुगांवर २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. त्यापुढे ते तेल वापरता येत नाही. घरी मोजण्याचे साधन नसते, म्हणून डोळ्यांनी ठरवावे. गडद झालेले, फेस धरणारे, चिकट वा उग्र वासाचे तेल फेकावे. एकदा तळलेले स्वच्छ तेल गाळून दोन-तीन दिवसांत फोडणीला वापरून संपवावे, पुन्हा तळणीला घेऊ नये. वनस्पती तूप तर नकोच.

तळणे नकोच असेल तर वरून तेलाचा हात फिरवून ओव्हनमध्ये १८० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटे भाजावी. ही पथ्याची नक्कल नव्हे, रशियात भाजलेली पिरोश्की तितकीच अस्सल मानतात. एअर फ्रायर म्हणजेही छोटी भट्टीच. नाव ‘फ्रायर’ असले तरी.

आता हिशेब. या मापाच्या एका तळलेल्या पिरोश्कीत साधारण २०० ते २५० कॅलरी, २८ ग्रॅम कर्बोदके आणि चार ग्रॅम प्रथिने असतात. कर्बोदकांच्या दृष्टीने ती सुमारे दीड पोळीच्या बरोबरीची. मीठ अर्ध्या ग्रॅमहून किंचित अधिक. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसभराचे मीठ पाच ग्रॅमपेक्षा कमी ठेवण्यास सांगितले आहे, त्यात दोन पिरोश्क्या सहज बसतात. सोबत लोणचे-पापड घेतले की हिशेब बिघडतो.

मधुमेह असलेल्यांनी ती जेवणावर जादा घेऊ नये, जेवणातील पोळी-भाताऐवजी घ्यावी. सोबत वाटीभर दही आणि काकडी-कोबीची कोशिंबीर असावी. रशियात आंबट साय घेतात, आपले दही त्याहून हलके. गोड चहा त्याच बैठकीत नको. एक बारकावा लक्षात ठेवावा : तेलामुळे जठर उशिरा रिकामे होते, त्यामुळे साखर उशिरा चढते. दोन तासांनी मोजलेली साखर पाहून निर्धास्त होऊ नये. चार तासांनी पुन्हा पाहावी. इन्सुलिनची मात्रा मात्र स्वतःच्या अंदाजाने वाढवू नये.

मूत्रपिंडाच्या विकारात बटाट्यातील पोटॅशियम अडचणीचे ठरते. त्यांच्यासाठी बटाटे सालासकट न उकडता, सोलून लहान फोडी करून भरपूर पाण्यात उकडावेत आणि ते पाणी फेकून द्यावे. त्याने पोटॅशियम बरेच घटते, पुरते जात नाही. म्हणून किती खायचे हे मूत्रपिंडतज्ज्ञांना विचारूनच. फोडी कोरड्या कढईत परतून मग सारण करावे. बाजारात मिळणारे ‘कमी सोडियमचे मीठ’ या रुग्णांनी वापरू नये, त्यात पोटॅशियम क्लोराइड असते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही रक्तातील पोटॅशियम वाढते, त्यामुळे त्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे मीठ सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे.

पित्ताशयात खडे असून दुखते त्यांनी तळलेली टाळावी. छातीत जळजळ होणाऱ्यांनी चार वाजता खावी, रात्री नऊ वाजता नव्हे.

सर्वांत गंभीर इशारा गिळण्याविषयी आहे. पक्षाघात किंवा कंपवात झालेल्या, जेवताना ठसका लागणाऱ्या, जेवणानंतर आवाज ओलसर येणाऱ्या व्यक्तीस पावासारखे मऊ-कोरडे आवरण देऊ नये. ते लाळेने चिकट गोळा होऊन घशात अडकते, आणि अशा रुग्णाला खोकून तो बाहेर काढण्याची ताकद नसते. त्यांना तेच सारण दूध वा सूप घालून गुठळीविना मऊ करून, शेपूचा वास लागू देऊन, लहान चमच्याने द्यावे. कितपत दाट ठेवावे हे गिळण्याची तपासणी करणाऱ्या थेरपिस्टकडून समजून घ्यावे. रुग्ण ताठ बसलेला असावा आणि खाल्ल्यानंतर अर्धा तास आडवा होऊ नये. ताटात पिरोश्की नसली तरी इतरांबरोबर त्याच टेबलावर, त्याच वासात बसवावे.

इतरांनीही तळल्यावर दहा मिनिटे थांबावे. बाहेरून कोमट वाटणाऱ्या पिरोश्कीत बटाटा धगधगता असतो, आणि वार्धक्यात तोंडाला चटका उशिरा कळतो. कवळी असलेल्यांसाठी तळलेल्या पिरोश्क्या डब्यात स्वच्छ कापडाखाली झाकून ठेवाव्यात. वाफेने आवरण मऊ पडते. त्या फलाटावरच्या टोपल्यांतही त्या कापडाखालीच असत.

उरलेल्या पिरोश्क्या रात्रभर ओट्यावर ठेवू नयेत. बटाट्याचे ओलसर सारण जिवाणूंना फार मानवते, आणि जुलाब-उलट्यांनी ज्येष्ठांच्या शरीरातील पाणी झपाट्याने घटते. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवाव्यात, दुसऱ्या दिवशी संपवाव्यात. गरम करताना तव्यावर तेल न घालता, झाकण ठेवून, मंद आचेवर आतपर्यंत चांगल्या वाफ येईतो गरम कराव्यात. मायक्रोवेव्हमध्ये आवरण आधी मऊ होते आणि पाच मिनिटांत चिवट; कवळीला ते झेपत नाही.